डावा चॅनल, उजवा कान

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वेळ पक्की. हॉलमधलं घड्याळ बरोबर तिच्या डोक्याच्या वर आहे आणि माझं लक्ष त्या बाजूलाच असतं.

वाचनालयाला लागून हॉल. ती तिथे लहान मुलांना नाच शिकवते. मी वाचनालयात खिडकीजवळ बसतो (उजेड चांगला येतो). आज गाणं मध्येच बंद पडलं. वीस पोरं एक पाय वर करून तशीच उभी राहिली. ती म्हणाली, अ‍ॅम्प्लिफायर गेला वाटतं, महिनाअखेरीला कार्यक्रम आहे, इथे कुणाला यातलं कळतं का? मी खिडकीतून म्हणालो, मला कळतं. दुरुस्त होईल का, तिने विचारलं. मी म्हणालो, दुरुस्त कशाला, नवा बनवून देतो. शंभर वॅट. दोन्ही बाजूंना.

ती म्हणाली, "खरंच?"

हा शब्द आतापर्यंत शंभरेक वेळा मनात वाजवून पाहिला. प्रत्येक वेळी आवाज स्वच्छ.

जुना उघडून बघितला नाही. गेलेल्याचं काय बघायचं.

ठराव: १) कार्यक्रम २९ ला, अ‍ॅम्प्लिफायर २० ला तयार. २) तोवर हॉलकडे फिरकायचं नाही. जायचं ते अ‍ॅम्प्लिफायर हातात घेऊनच. ३) राग आवरायचा. ४) कॉलेजचं घरी सांगायचं.

(चौथा ठराव २० नंतर.)

बुधवार, ४ सप्टेंबर

कॉलेजचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल.

जूनमध्ये सोडलं. लॅबचे सर म्हणाले, नवीन सर्किट पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये एक साधा बल्ब जोडायचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि सर्किट वाचतं. मी म्हणालो, ज्याचा स्वतःच्या कामावर भरवसा नाही त्याने बल्ब लावावा. वर्ग हसला. सर हसले नाहीत. मी बल्ब न लावता बटण दाबलं. पुढचं धुरामुळे नीट दिसलं नाही. सर म्हणाले, बाहेर हो. मी झालो. ते बहुधा तेवढ्या तासापुरतं म्हणाले होते. मी कायमचा झालो. माणसाला स्वाभिमान असतो.

घरी माहीत नाही. रोज नऊला डबा घेऊन निघतो. आजपर्यंत वाचनालयात बसायचो, आजपासून गच्चीवरची खोली. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, खोली बरोबर आमच्या डोक्यावर. पाण्याची टाकी, मोडक्या खुर्च्या आणि प्लगची एक सोय. पद्धत अशी: दार अलगद ओढून घ्यायचं, चपला हातात, आणि जिना उतरायच्या ऐवजी चढायचा.

यात फसवणूक नाही. डबा मी खातोच.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

पार्टवाल्या काकांच्या दुकानातून सामान आणलं. काकांना सर्किट दाखवलं. पॉवर अ‍ॅम्प आधी ब्रेडबोर्डवर करून बघतो म्हणालो. म्हणजे सोल्डर न करता भोकांत पार्ट नुसते खोचायचे. काका म्हणाले, खेळण्यातल्या बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावतोयस. गिऱ्हाईक हसलं. मी रागावलो नाही (ठराव ३). फक्त काउंटरवरची रेझिस्टरची बरणी माझ्या हाताने पडली.

पावणेबारापर्यंत रेझिस्टर वेचत होतो.

शनिवार, ७ सप्टेंबर

ब्रेडबोर्ड वितळला. सगळा नाही. मधली दहा-बारा भोकं एकत्र येऊन एक मोठं भोक झालं. आउटपुटची जोडी गेली. म्हणजे आवाजाला ताकद देणारे दोन जाडे ट्रान्झिस्टर. प्रत्येक बाजूला एकेक जोडी लागते, त्यातली एका बाजूची.

चूक माझी नाही. काका स्वतःच म्हणाले, हल्ली बाजारात नव्वद टक्के माल डुप्लिकेट. ओरिजनल फक्त जुन्या कॅसेट डेकमध्ये सापडतात, आणि जुने डेक राहिलेत कुणाकडे?

एक डेक मला माहीत आहे.

रविवार, ८ सप्टेंबर

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. आई संध्याकाळी शिकवण्या घेते, खोली तीच, त्यामुळे बाबा सात ते आठ डेकवर रेडिओ लावून हेडफोनने ऐकतात. स्पीकर कधीच माळ्यावर गेले.

हा डेक मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात दुरुस्त केला होता. तेव्हापासून बाबा घरी येईल त्याला सांगतात, पोराने हात लावलाय, आता हा जन्मात बिघडायचा नाही.

आई-बाबा लग्नाला गेले होते. डाव्या बाजूची जोडी काढली. फक्त डाव्या. उसनी. वीस तारखेला परत. उजवी बाजू व्यवस्थित चालू आहे आणि रेडिओला एक कान पुरतो. बातम्या काही दोन वेगवेगळ्या येत नाहीत.

झाकणाचे चारही स्क्रू परत लावले. चोर स्क्रू लावत बसत नाही.

सोमवार, ९ सप्टेंबर

संध्याकाळी बाबांनी हेडफोन घातला. डाव्या बाजूवर बोटाने टिचकी मारली. मग काढला आणि डाव्या कानात करंगळी घालून हलवली. परत घातला.

डेककडे पाहिलंसुद्धा नाही.

उलटा घालून पाहिला असता तर लगेच कळलं असतं. पण उलटा घातला की वायर उजव्या खांद्यावर येते, आणि बाबांची वायर गेली वीस वर्षं डाव्या खांद्यावर आहे.

मी अभ्यास करत होतो. म्हणजे पुस्तक समोर होतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

बाबा आईला हळू आवाजात सांगत होते, डावीकडून ऐकू येईनासं झालंय. आई म्हणाली, मी बोलते ते येतं ना? बाबा म्हणाले, माणसांचं येतं, बारीक आवाज गेला. आई म्हणाली, वय झालं, मळ असेल.

सांगणार होतो. पण आई म्हणाली मळ असेल, तर असूही शकतो. तज्ज्ञाचं मत येऊ दे.

ठराव: आता भोकांच्या तांब्याच्या बोर्डावर, सगळं नीट सोल्डर करून. घाई नाही. डावी बाजू १५ ला पूर्ण.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

मोठी बातमी. रस्त्याच्या पलीकडून वाचनालयातल्या क्लार्कने हाक मारली. म्हणाला, अरे, त्या नाचाच्या बाई तुझी चौकशी करत होत्या, तुला निरोप सांगा म्हणाल्या की...

पुढचं ऐकलं नाही. हात वर केला आणि सटकलो. असे निरोप क्लार्कच्या तोंडून ऐकायचे नसतात. जे काय आहे ते तिच्याच तोंडून ऐकीन, अ‍ॅम्प्लिफायर समोर ठेवून.

तिने चौकशी केली! दहा दिवस गेलो नाही तर!

आनंदात सोल्डरिंग आयर्न चुकीच्या टोकाने धरलं.

शनिवार, १४ सप्टेंबर

बाबा कानाच्या डॉक्टरांकडे गेले. मळ निघाला. डॉक्टर म्हणाले, आता सुई पडली तरी ऐकू येईल. बाबा सुईवाल्यांच्या धंद्यातलेच, त्यांना ते फार आवडलं. येताना आईला दोनदा सांगून झालं.

सात वाजता अगदी तयारीने बसले. हेडफोन घातला. आवाज वाढवला. अजून वाढवला.

मग आवाज हळूहळू होता तिथे आणला आणि आईला म्हणाले, छान, फरक आहे.

मला आज जेवण गेलं नाही. उष्णतेमुळे असेल.

सोमवार, १६ सप्टेंबर

डावी बाजू वाजली! बाबांच्या जोडीवर! चार मिनिटं अख्खं गाणं. मागे एक जाडसा 'घूंऽऽ' आहे, गाण्यापेक्षा थोडा मोठा. अर्थिंगचा प्रश्न. किरकोळ. सकाळी दहा ते बारा तेच शोधत होतो. टाकीसुद्धा त्या सुरात थरथरते.

उजव्या बाजूची बाजारातली जोडी मात्र बटण दाबताच गेली. डुप्लिकेट.

तिला मी 'दोन्ही बाजूंना' असा शब्द दिलाय.

मंगळवार, १७ सप्टेंबर

उजवी जोडी काढली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

एकच युक्तिवाद नोंदवून ठेवतो: डावी काढली तेव्हाच जे व्हायचं ते झालं होतं. आणि दोन्ही जोड्या एकाच दिवशी परत बसवणं सोयीचं.

स्क्रू दोनच लावले.

बुधवार, १८ सप्टेंबर

सात वाजता बाबांनी हेडफोन घातला. डायलचा दिवा लागला, काटा हलला. बाबांनी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं, परत आणलं, आणि तसेच बसून राहिले. बरोबर आठ वाजेपर्यंत. मध्ये एकदा मानसुद्धा डोलावली.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, काय म्हणतायत बातम्या?

बाबा म्हणाले, विशेष काही नाही.

एका खोलीत दोघं खोटं बोलणारे आणि मधे आईची चार पोरं पाढे म्हणतायत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

अ‍ॅम्प्लिफायर तयार होण्याचा ठरलेला दिवस. जवळजवळ तयार आहे. कॅबिनेट झालं, बाहेरून अतिशय सुंदर. निळा दिवा लावला.

आईने आज वेगळंच सांगितलं. बाबांना आता सकाळी दहा ते बारा डोक्यात 'घूं' असा आवाज येतो. संध्याकाळी काही ऐकू येत नाही आणि सकाळी नसलेलं ऐकू येतं. वरून आल्यासारखा वाटतो म्हणाले. आईला नाही ऐकू आला. आई म्हणाली, वर काय आहे, टाकी. तर म्हणाले, मग माझ्या कानातच असेल.

आईने मला विचारलं, तुमच्या कॉलेजात शिकवतात का रे असलं काही? मी म्हणालो, कानाचं शिकवत नाहीत.

'घूं' ताबडतोब घालवायला पाहिजे. बाबांसाठी. हेही एका अर्थी त्यांचंच काम चाललंय.

मंगळवार, २४ सप्टेंबर

हे लिहायचं नव्हतं.

कपड्यांच्या कारखान्यात चाळीस मशिनं आहेत, त्यांचं वर्षाचं काम बाबांकडे असतं. मी लहानपणी एकदा बघितलंय. सगळी मशिनं एकदम चालू करायला सांगतात, डोळे मिटून रांगेतून चालत जातात, आणि थांबून म्हणतात, सत्ताविसाव्याचं शटल. उघडलं की सत्ताविसाव्याचं शटलच असतं.

कारखान्याचा मॅनेजर आला होता. पुढच्या वर्षाचं विचारायला. बाबा म्हणाले, सोमवारी कळवतो. तो गेल्यावर आईला म्हणाले, नाही म्हणून सांगणार आहे. दुसऱ्याच्या मशिनाला न ऐकता हात लावायचा म्हणजे लबाडी आहे.

आई म्हणाली, एकदा डेक तर तपासून घ्या.

बाबा म्हणाले, त्याला काय झालंय? पोराने केलाय तो.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ हात धुतले.

ठराव (एकच): रविवारी दुपारी कार्यक्रम. रविवारी संध्याकाळी जोड्या परत. सोमवारी बाबांना सगळं ऐकू येईल, कारखान्याला हो सांगतील. कुणाला काही कळायचं कारण नाही. वेळापत्रक बसतंय.

गुरुवार, २६ सप्टेंबर

'घूं' शोधताना उजव्या बाजूचा अर्धा बोर्ड पुन्हा सोल्डर केला. आता 'घूं' नाही. गाणंही नाही.

पार्टवाले काका म्हणाले, आता चालू करशील तर बल्ब लावून कर. मी म्हणालो, माझ्यासमोर बल्बचं नाव काढायचं नाही. काका म्हणाले, बरं बाबा, मेणबत्ती लाव. मी तडक निघालो. दुकानाचा दरवाजा काचेचा आहे हे मला माहीत होतं, पण तो बंद होता हे नव्हतं.

शनिवार, २८ सप्टेंबर, दुपारी दोन

कपाळाला टेंगूळ आहे, पण डोकं शांत. म्हणून ठरवलं, राग बाजूला ठेवू, बल्ब लावून बघू. मोठेपणा घ्यावा माणसाने.

बल्ब लावला. बटण दाबलं. बल्ब काय लख्ख पेटला! सगळी खोली उजळली. म्हणजे करंट भरपूर जातोय. शुभचिन्ह.

बल्ब काढतो आणि सरळ लाइन देतो.

शनिवार, २८ सप्टेंबर, दोन वाजून पाच

चारही गेले. दोन्ही जोड्या. एकाची टोपी उडून टाकीवर वाजली.

निळा दिवा अजून चालू आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर, चार

बल्ब पेटला म्हणजे शॉर्ट आहे. सरांनी सांगितलं होतं. मी याच वहीत ४ तारखेला लिहूनसुद्धा ठेवलंय. आत्ता मागे जाऊन वाचलं.

काकांकडे गेलो. ओरिजनल जोडी मिळेल का? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि आज काही विनोद केला नाही. म्हणाले, मागवावी लागेल, तीन आठवडे, तरी खात्री देत नाही. तुला कशाला हवी एवढी?



रविवार, २९ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

दुपारी हॉलवर गेलो. कॅबिनेट घेऊन गेलो. का, ते माहीत नाही. तिच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं, जमलं नाही, माफ करा. वाटेत वाक्य सात वेळा म्हणून पाहिलं.

गाणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. मोठं, स्वच्छ, दोन्ही बाजूंनी.

स्टेजच्या कडेला तोच जुना अ‍ॅम्प्लिफायर. हॉलचा वॉचमन म्हणाला, फ्यूज गेला होता, मी दुसऱ्याच दिवशी घातला, दोन मिनिटांचं काम. बाईंनी तुला निरोप पाठवला होता की उगीच त्रास घेऊ नका. क्लार्कने नाही सांगितला?

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे ४ तारखेला. बाबांच्या डेकला मी ८ ला हात लावला.

कार्यक्रम संपल्यावर ती आली. कॅबिनेट बघून म्हणाली, अय्या, खरंच बनवलात! मग मुलांना बोलावून सांगितलं, या दादांनी आपल्यासाठी एवढं केलं, टाळ्या वाजवा. वीस पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, दादा, याच्यात काय आहे? मी म्हणालो, निळा दिवा.

'दादा' ती मुलांच्या बाजूने म्हणाली असेल. असं तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं असतं.

घरी येताना तिचा विचार फारसा आला नाही, याचंच नवल वाटलं. सारखा तो कारखाना दिसत होता. चाळीस मशिनं चालू आणि रांगेतून कुणीच चालत नाहीये.

उद्या सोमवार.

रविवार, २९ सप्टेंबर, साडेआठ

झालं ते जसंच्या तसं लिहितो. कारणं न देता.

सात वाजता बाबा बसले. हेडफोन घातला, दिवा लावला, आवाजाच्या बटणाला हातसुद्धा लावला नाही. मी जाऊन त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला. चष्मा आधीच काढून खिशात ठेवला होता, थोबाडीत बसली तर फुटायला नको म्हणून. डेकचं एका दमात सांगितलं.

बाबा म्हणाले, "म्हणजे डेक बंद आहे?"

"हो."

"दोन्ही बाजूंनी?"

"डावी आठ तारखेपासून. उजवी सतरापासून."

बाबांनी बोटांवर दिवस मोजले. मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईला हाक मारून म्हणाले, अगं ऐकलंस का, मी चांगला आहे, डेक बिघडलाय. आई माझ्याकडे पाहत होती, ती हसत नव्हती. बाबा उठले, आईच्या शिलाई मशिनाजवळ गेले, चाक हाताने एकदा फिरवलं, कान देऊन म्हणाले, तेल हवंय. आई म्हणाली, हवंच आहे, महिना झाला सांगतेय. तर त्यांना परत हसू.

मला वाटलं, सुटलो. खरंच तसं वाटलं, लिहून ठेवतो.

मग बाबा चाकावर हात ठेवून तसेच थांबले. डोळे मिटले. मी त्यांना असं थांबलेलं पाहिलंय, सत्ताविसाव्या मशिनापाशी.

"आणि सकाळी वर 'घूं' वाजायचं, ते?"

मी म्हणालो, ते अर्थिंग.

"कुणाचं?"

"माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचं."

"सकाळी दहाला तू कॉलेजात असतोस."

मी हातातला हेडफोन डेकवर ठेवला.

"नऊला तू निघालास की पावलं वर जातात," बाबा म्हणाले. "अनवाणी. मला कधीपासून ऐकू येतंय. वाटलं, कानांना आता वर-खालीसुद्धा कळेना झालं." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे तेही बरोबरच ऐकलं होतं मी?"

"हो."

"कधीपासून?"

"गच्चीवर महिनाभर. कॉलेज जूनपासून बंद."

आई खाली बसली.

बाबा खुर्चीवर येऊन बसले, हेडफोन उचलला, वायर डाव्या खांद्यावर घेतली आणि घातला. दोन्ही कानांवर नीट बसवला. डेक बंद आहे हे आता त्यांना माहीत आहे. तरी आठ वाजेपर्यंत काढला नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर, सकाळी पावणेनऊ

बाबांनी कारखान्यात फोन केला. येतो म्हणाले. तीन शब्दांत संपवला: येतो, उद्यापासून येतो.

माझ्याशी बोलले नाहीत. चहा ठेवला होता, झाकून. आईने डबा भरून दाराशी ठेवलाय. त्या डब्याला हात लावायला आज धीर होत नाही.

लॅबच्या सरांकडे जायचं ठरवलंय. कॉलेज परत सुरू होईल वगैरे माझं काही म्हणणं नाही, वर्ष गेलंच असेल. फक्त सांगायचं आहे की बल्ब पेटला आणि मी तो काढला. ते हसले तर हसू देत. बाहेर हो म्हणाले तर दाराबाहेर थांबीन, तास संपेपर्यंत.

गच्चीवरच्या खोलीची किल्ली डेकवर ठेवली. डेकचे उरलेले दोन स्क्रू खिशात सापडले, तेही लावले.

ठराव लिहायला हात गेला होता. नको.

बाबा गॅलरीत पाठमोरे बसलेत, एका मशिनाचं चाक फिरवतायत. हळू फिरवतायत. नऊ वाजत आलेत.

वही इथेच, टेबलावर उघडी ठेवतो. डबा घेतला. चपला पायात घातल्यात. रोज दार अलगद ओढायचो, आज जरा जोरात लावतो. बेचाळीस पायऱ्या आहेत, सगळ्या खाली जातात, आणि बाबांना त्या ऐकून मोजता आल्या पाहिजेत.